फणसाशी बोलणारे ड्रेसर

रत्नागिरीला आम्ही ज्यांच्या घरात चार वर्षं भाड्याने राहिलो, ते आमचे घरमालक त्या चार वर्षांत माझ्याशी एकदाही समोरासमोर बोलले नाहीत. मला काही सांगायचं असलं की ते मागीलदारी यायचे, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाठ करून उभे राहायचे आणि परसातल्या फणसाला उद्देशून बोलायचे. "रहाटाची दोरी विरलेली हाय. बेतानं ओढावी." फणस काही बोलायचा नाही. मग मी आतून "बरं" म्हणायची आणि ते निघून जायचे. परक्या बाईच्या तोंडाकडे बघून बोलू नये, असा त्यांचा नियम होता. आणि सख्ख्या बहिणी सोडल्या तर जगातल्या सगळ्या बायका त्यांना परक्या होत्या.

मी पुण्याची, बी. ए. झालेली आणि तिथल्या मुलींच्या शाळेत आरोग्यशास्त्र शिकवणारी. पहिल्याच आठवड्यात मी निदान केलं. ह्यांना, म्हणजे पोस्टात नोकरीला असलेल्या माझ्या नवऱ्याला, म्हटलं, "मालक थोडे वेडे आहेत."

"भाडं वेळेवर दिलं तर चावत नाहीत," हे म्हणाले.

गावात त्यांना सगळे 'ड्रेसर' म्हणत. गुरांच्या दवाखान्यात त्यांनी तीस वर्षं ड्रेसर म्हणून काढली होती. डॉक्टर यायचे, दोन वर्षांनी बदलून जायचे; जखमा धुणारे आणि अडलेली वासरं ओढून काढणारे हात मात्र ड्रेसरांचेच. कोणी डॉक्टर म्हटलं तर रागवायचे. "मी डॉक्टर नाय. मी बगतो आणि धुतो," म्हणायचे. मूळचे ते नाटे बंदराचे. घराणं पिढीजात दर्यावर्दी, भाऊ तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, काकाही तांडेल, आणि ड्रेसरना होडी नुसती हलली तरी उलटी व्हायची. वडिलांनी तीनदा चढवलं, तिन्ही वेळा ते उतरले. शेवटी वडील म्हणाले, "जा, जमिनीवर जी काय जनावरं असतील ती सांभाळ." त्यांनी ते शब्दशः पाळलं.

गुरांची सवय माणसांतही सुटली नव्हती. कोणी भेटलं की हात पुढे न करता ते कानाची पाळी चिमटीत धरायचे. जनावराचे कान गार पडले की त्याचं काहीतरी बिघडलेलं असतं म्हणे. पोस्टमनचे कान तपासून त्यांनी त्याला एकदा घरी निजायला पाठवलं होतं, आणि टपाल तीन दिवस पेटीत राहिलं म्हणून ह्यांना वरून विचारणा झाली होती. ह्यांचेही कान ते तपासत. आणखी एक म्हणजे, गोठ्यात दोन दुभत्या गाई असून ते स्वतः दुधाचा थेंब घेत नसत. गवती चहा घातलेला काळा चहा पीत. "दूध वासराचां. उरलां तर दुसऱ्याच्या पोराचां. माझां वय झालां आता."

त्यांची एक गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. एका बड्या अधिकाऱ्याची गाय पान्हा चोरायची. कासेत दूध दिसायचं, पण धार काढायला बसलं की एक थेंब सोडायची नाही. औषधं झाली, पेंड बदलली, अंगारा लावला. शेवटी ड्रेसरना बोलावलं. ते गोठ्यात नुसतेच तासभर बसले आणि मग साहेबांना म्हणाले, "साहेब, तुमी बाहेर जावा." साहेब रोज स्वतः समोर उभे राहून गड्यावर ओरडत धार काढून घ्यायचे. साहेब बाहेर गेले, गाईने पान्हा सोडला. "भ्यायलेलां जनावर दूध देत नाय," एवढंच निदान. ही गोष्ट ऐकून मी मनापासून हसले होते. पुढे आपल्यालाच गाईच्या जागी उभं राहायचं आहे हे ठाऊक असतं तर जरा कमी हसले असते.

आम्हाला मुलगी झाली ती माघात. माझ्याकडे बालसंगोपनाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं आणि ते मी परीक्षेसारखं वाचलं होतं. दर चार तासांनी पाजायचं, मध्ये मूल रडलं तर रडू द्यायचं, म्हणजे त्याला शिस्त लागते. मी टेबलावर गजराचं घड्याळ ठेवून मुलीला पदराखाली घ्यायची. घड्याळाकडे बघून मी तिला घ्यायची आणि घड्याळाकडे बघून काढायची. शेजारणी कौतुकाने बघायला येत आणि मी त्यांना आणखी दोन गोष्टी शिकवून पाठवत असे.

मुलगी दोन महिन्यांची झाली आणि मला विषमज्वर झाला. पाच आठवडे मी दवाखान्यात होते. तिला माझ्यापासून लांब ठेवलं होतं. सासूबाई येऊन राहिल्या आणि त्यांनी डब्यातल्या पावडरीचं दूध बाटलीने पाजून तिला वाढवलं. मी घरी आले तेव्हा माझं वजन शाळेतल्या मुलींइतकं झालं होतं, केस मूठमूठ गळत होते आणि अंगावरचं दूध पार आटलं होतं. मुलीला जवळ घेतलं तर ती धनुष्यासारखी मागे वाकून किंचाळायची. मी तोंडाने म्हणत असे, "त्यात काय? विलायतेत सगळ्या बायका बाटलीनेच पाजतात." आणि न्हाणीघरात जाऊन रडत असे.

सासूबाई आपल्या घरी गेल्या. मग पावसाळ्याआधी बोटी बंद झाल्या आणि मुंबईहून येणारे दुधाचे डबे मिळेनासे झाले. जे मिळत ते बहुतेक जुने. मुलीला हगवण लागली. आठवड्याभरात तिच्या मांड्यांची कातडी सैल पडली, टाळू खोल गेली. डॉक्टरांनी औषध दिलं आणि म्हणाले, "ती बाटली फेकून द्या. आईचं दूध असतं तर प्रश्नच नव्हता." हे वाक्य त्यांनी अगदी सहज उच्चारलं. घरी येईपर्यंत तेच माझ्या कानात घुमत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फणसाखालून आवाज आला.

"भाकड होऊन किती दिवस झाले?"

मी भांडी घासत होते. वाटलं, गोठ्यातल्या गाईबद्दल काही विचारताहेत. खिडकीतून म्हटलं, "कोणती गाय?"

"गाय नाय," ड्रेसर फणसाला म्हणाले. "तुमी."

मी खिडकी धाडकन लावली. संध्याकाळी हे घरी आले तेव्हा मी ह्यांना दारातच अडवलं. "आत्ताच्या आत्ता जाऊन त्या माणसाला जाब विचारा. मी काय म्हैस आहे?" हे चपला न काढता तसेच गेले. तासाभराने आले. तोंडाला गवती चहाचा वास येत होता.

"विचारलात जाब?"

"विचारला," हे म्हणाले. "त्यांचं म्हणणं मला पटतंय."

त्यांचं म्हणणं असं होतं. गाय मेली की पोरकं वासरू ते कधीकधी दुसऱ्या, आटलेल्या गाईला लावत. वासरू ओढत राहिलं आणि गाय त्याला चाटायला लागली की महिना-दीड महिन्याने कास भरायची. सगळ्याच गाईंची नाही, पण बऱ्याच जणींची. दूध आधी आणि ओढणं मग, असं नसतंच. आधी ओढणं, मग दूध. "पोर गाईच्या दुधावरसुद्धा जगेल," ते ह्यांना म्हणाले होते, "पण बाई रोज न्हाणीघरात रडते ती मला ऐकू येते. करून बगायला काय जातां?"

न्हाणीघराच्या भिंतीला लागूनच गोठा होता, हे मी विसरले होते.

मी कबूल केलं ते शहाणपणाने नाही, तर मुलीचे कान हातात घेतले तेव्हा. गार होते.

त्या दिवसापासून फणसाला रोज सकाळ-संध्याकाळ सूचना मिळू लागल्या. पहिली, बाटली बंद. वरचं दूध त्यांच्या गाईचं, उकळून पातळ करून, कालवाच्या घासून गुळगुळीत केलेल्या शिंपीने पाजायचं. दुसरी, पाजण्याआधी दर वेळी पोरीला अंगाला लावायची, दूध असो नसो, दोन्ही बाजूंना. तिसरी, ती अगदी उपाशी असताना लावायची नाही, चिडते. आधी दोन शिंपी घालून राग शमवायचा. चौथी ऐकून मी खिडकीआड लाल झाले. "तां फुलाच्या वासाचां पावडर आणि साबण बंद. वासरू वासावर आई ओळखतां. पोरीला वाटतां, ही कोण बया आली पुण्याची!"

पाचव्या दिवशी ते फणसाला म्हणाले, "घड्याळ हाय ना घरात, तां माझ्याकडे द्यावां."

"घड्याळाने काय केलं?" मी आतून विचारलं.

"त्या साहेबाला मी बाहेर काढला होता ना? तुमच्या घरातला साहेब तां हाय."

घड्याळ गेलं. मुलगी कधीही मागेल तेव्हा, आणि मागितलं नाही तरी दोन तासांनी, असा नवा कायदा झाला. ती नुसती कोरडी ओढायला तयार होईना, तेव्हा आणखी एक युक्ती आली. कापसाची वात दुधात भिजवून वरून थेंब थेंब सोडायचे, म्हणजे ते ओघळून तिच्या तोंडात जातात आणि तिला वाटतं इथूनच येतंय. हे थेंब सोडायचं काम ह्यांच्याकडे आलं. पोस्टातला जबाबदार माणूस कचेरीत जाण्याआधी हातात वात घेऊन, डोळे मिटून माझ्या शेजारी बसायचा. डोळे मिटल्यामुळे निम्मं दूध माझ्या कोपरावर पडायचं.

हाताने दूध काढायचा सरावही करायला हवा होता, पण ते परक्या बाईला सांगणार कसं? त्यावर त्यांनी तोड काढली. गोठ्याचं दार उघडं टाकून ते गाईची धार इतकी सावकाश आणि इतक्या मोठ्याने बोलत काढायला लागले, की गाय वळून वळून बघायची. "अंगठा वर, बोटां खाली. आधी मागे दाबायचां, मग पुढे आणायचां. ओढायचां नाय. ओढलां तर दुखतां." मी खिडकीत उलथनं हातात घेऊन वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलीसारखी बघत होते. ज्या खोलीत मी आरोग्यशास्त्र शिकवत असे, तिथल्या फळ्यावर मी कधी एवढं स्पष्ट काही लिहिलं नव्हतं.

पुण्याहून माझ्या आईने अळीव, खसखस आणि शतावरी पाठवली. मी फणसाला, म्हणजे त्यांना, विचारलं, "ह्याने दूध येईल का?"

"खावा. अंगात ताकद येईल. पण अळीव खाऊन दूध आलां असतां तर वाण्याच्या दुकानातले उंदीर दुभते झाले असते."

मुलीला पुरेसं मिळतंय की नाही, हे ते तिला न बघता ओळखायचे. पाऊस असल्यामुळे तिची दुपटी मी पडवीत दोरीवर वाळत टाकायची. सकाळी ते पडवीच्या टोकाशी येऊन मोजायचे आणि परसात जाऊन जाहीर करायचे, "काल सात ओली. चांगलां." आठवड्यातून एकदा तिला टोपलीत घालून गुरांच्या पेंडीच्या काट्यावर जोखत. पहिल्या दोन आठवड्यांत वजन थोडं वाढलं, पण ते गाईच्या दुधाचं. माझ्याकडे काहीही नव्हतं.

सोळाव्या दिवशी मी खचले. स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या, मुलीने सकाळपासून चार वेळा तोंड फिरवलं होतं आणि माझी पाठ मोडली होती. मी खिडकी उघडून फणसावर ओरडले, "माझ्याच्याने होत नाही! ऐकलंत का? नाही होत!"

ते गाईला गवत घालत होते. थांबले. पाठमोऱ्यानेच हातातलं गवत खाली ठेवलं.

"मी तीन वेळा होडीत चढलो," ते म्हणाले. "तिन्ही वेळा उतरलो. जमत नाय तर उतरावां, त्यात लाज नाय. पोर गुटगुटीत होईल गाईच्या दुधावर, मी हाय. फक्त आज उतरू नका, आज तुमी रागात हाव. उद्या उतरा."

मी नाक पुसलं आणि मुलीला परत घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फणसाला विचारलं, "आज उतरणार?" मी म्हटलं, "उद्या." पुढे हाच आमचा नमस्कार झाला.

त्यानंतर चार दिवसांनी दुपारी मी ओटीवर बसून तांदळातले खडे निवडत होते. आत मुलगी नुसती कुरकुरली. माझ्या छातीत सुया टोचल्यासारखं झालं, आणि बघते तर चोळीवर दोन ओले डाग. मी अशी किंचाळले, की रजा असल्यामुळे घरी झोपलेले हे काठी घेऊन धावत आले. "कुठाय साप?" मी मुलीला उचललं, घेतलं, आणि पहिल्यांदा तिच्या घशातून 'गुट्' असा आवाज आला. पुन्हा 'गुट्'. हे काठी घेऊन तसेच उभे. आम्ही दोघांनी ते आवाज मोजले. एकवीस झाले. मग ती झोपली.

परसात जाऊन मीच फणसाला सांगितलं. ड्रेसर गोठ्यात होते. आतून गाईच्या पाठीवर दोन थापा मारल्याचा आवाज आला.

मग हळूहळू, दुपटी मोजत, एकेक शिंप कमी करत गेलो. अडतिसाव्या दिवशी वरचं दूध जवळपास सुटलं. संध्याकाळची एक शिंप मात्र शेवटपर्यंत लागली. तेवढ्याला माझं दूध कधी पुरलं नाही. "एक शिंप गाईची असू दे," ते म्हणाले, "तिचाही काय हक्क हाय का नाय?"

इथवर मी बरी वागले. पुढचं सांगायला लाज वाटते.

माझी हकीकत शाळेत कळली आणि महिला मंडळात माझं व्याख्यान ठरलं. पहिल्या रांगेत मोठ्या अधिकाऱ्यांच्या बायका, मध्ये आमच्या मुख्याध्यापिकाबाई, आणि दाराशी खाडीकडच्या वस्तीतल्या काही बायका माशांच्या पाट्या खाली ठेवून बसलेल्या. मी छान बोलले. वात, शिंप, वास, दोन तास, सगळं सांगितलं. शेवटी दाराशी बसलेल्या एकीने विचारलं, "बाई, तुमाला ह्यां शिकवलां कोणी?"

मी पहिल्या रांगेकडे बघितलं आणि म्हणाले, "पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी यावर बरंच लिहिलं आहे."

टाळ्या पडल्या. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर हे हसले नाहीत. रत्नागिरीत गोष्ट लपत नाही; दुसऱ्या दिवशी ड्रेसरना ती कळलेली होती. फणसाखाली आले. मला वाटलं, आता घर सोडायला सांगतील.

"बरां केलंत," ते शांतपणे म्हणाले. "ढोरांच्या ड्रेसरचां नाव घेतलं असतंत तर एकीनंबी केलां नसतां."

त्यांनी रागवायला हवं होतं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. आणि दूध कमी झालं, हे आणखी.

पुढच्या महिन्यात मंडळ भरलं तेव्हा मी न विचारता उभी राहिले. सांगितलं, की मागच्या वेळी मी खोटं बोलले. मला हे कोणा शास्त्रज्ञाने नाही, गुरांच्या दवाखान्यातल्या निवृत्त ड्रेसरनी शिकवलं. मग पहिल्या रांगेत कोणीतरी पदर तोंडाशी नेला, आणि हसू मागच्या रांगांपर्यंत गेलं. "म्हणजे बाईंना दावणीला बांधलं होतं की काय!" कोणी म्हणालं. मुख्याध्यापिकाबाईंनी घाईने आभार मानले. ड्रेसर म्हणाले होते तसंच झालं होतं, अगदी तंतोतंत.

सगळ्या गेल्या. मी पायऱ्या उतरत होते, तेव्हा मागून कोणीतरी आलं. वीस-एकवीस वर्षांची मुलगी, डोक्यावरून ओढणी घेतलेली, छातीशी गुंडाळलेलं तीनेक महिन्यांचं मूल. नवरा बोटीवर होता. तिला बाळंतपणानंतर ताप आला होता, दूध गेलं होतं. मूल रडतही नव्हतं फारसं.

"बाई," ती म्हणाली, "ते ड्रेसर आमाला सांगतील?"

"सांगतील," मी म्हटलं. "थोडे तऱ्हेवाईक आहेत. त्यांच्या बोलण्याचा राग मानू नकोस. चल."

मी मूल तिच्याकडून घेतलं, कारण ती दमली होती, आणि आम्ही घराकडे निघालो.

तिला सोळा दिवसांत पान्हा फुटला, आणि महिना भरायच्या आत वरचं दूध पूर्ण सुटलं. मला अडतीस दिवस लागले होते आणि तरी पूर्ण सुटलं नव्हतं. असं का, हे मी ड्रेसरना विचारलं नाही; तिच्या घरात ना घड्याळ होतं ना पुस्तक, एवढं मला दिसत होतं. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.